आधी पाण्याची मोजदाद, मग विजेचा वायदा



पावसाळा सुरू झाला की आपल्या कृष्णा-कोयनाकाठी सकाळचे वर्तमानपत्र हातात पडताच आधी तीन नावे शोधली जातात : कोयना, नवजा आणि महाबळेश्वर. काल तिथं किती मिलिमीटर पडला, धरणात किती टीएमसी झालं, दरवाजे कधी उचलणार, याची चर्चा गट ऑफिसच्या ओट्यापासून चहाच्या टपरीपर्यंत रंगते. एकदा धरण भरले की आपला जीव भांड्यात पडतो, आणि पाण्याच्या आकड्यांकडे आपण पुढच्या जूनपर्यंत ढुंकूनही पाहत नाही. आमचे म्हणणे या सवयीविषयी आहे.

धरण भरले की पाणी झाले, पाणी झाले की ऊस झाला, आणि ऊस झाला की कारखान्याची वीज झाली, असा सरळ हिशेब आपण मनात मांडून ठेवतो. हा हिशेब चांगल्या वर्षी बरोबर येतो. वाईट वर्षी तो असा चुकतो की त्याची झळ पुढची दोन वर्षे सोसावी लागते. शेतातल्या मोटारीला मिळणारी वीज, आपल्या सहवीज प्रकल्पातून बाहेर जाणारी वीज आणि घरातला दिवा, या तिन्हींच्या मुळाशी पाणी आहे. ते पाणी कोणत्या वर्षी किती येईल याचा अंदाज वर्षानुवर्षांच्या प्रामाणिक नोंदींशिवाय बांधता येत नाही. नोंदी नसतील, किंवा असून कोणी उघडून पाहिल्या नसतील, तर विजेचे नियोजन म्हणजे ‘बाजारात तुरी’ असलाच प्रकार समजावा. म्हणून पाण्याचा अभ्यास हा केवळ इंजिनिअरांचा विषय आहे, असे म्हणून सभासदाला मोकळे होता येणार नाही.

एकच पाणी, दोन वाटा

आपल्या दाराशी असलेल्या कोयनेचेच उदाहरण घेऊ. या धरणाची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी आहे. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, म्हणजे सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर पाणी. यातले जे पाणी पश्चिमेला वळवले जाते ते सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून कोकणात उतरते, पोफळी-अलोरे भागातली यंत्रे फिरवते आणि वाशिष्ठी नदीवाटे समुद्राला जाऊन मिळते. जे पूर्वेला सोडले जाते ते कोयनेच्या पात्रातून कऱ्हाडला कृष्णेत येते आणि खाली सांगलीपर्यंत नदीकाठच्या मोटारी, उपसा योजना आणि गावोगावच्या नळयोजना चालवते. धरणाच्या पायथ्याशी एक छोटे वीजगृह आहे, त्यामुळे पूर्वेला येणारे पाणीही थोडी वीज देऊन जाते. पण मोठी वीज पश्चिमेलाच होते. सगळे टप्पे मिळून कोयनेची क्षमता सुमारे १,९६० मेगावॅट आहे.

आता एक साधा हिशेब पाहा. पोफळीला पाणी सुमारे पावणेपाचशे मीटर खाली पडते. एवढ्या उंचीवरून हजार लिटर पाणी आले की एक युनिटापेक्षा थोडी जास्त वीज तयार होते. आपण एक एकर उसाला तीन इंचाची एक पाळी देतो तेव्हा सुमारे तीन लाख लिटर पाणी लागते. तेच पाणी पोफळीला साडेतीनशे युनिट देऊ शकते. उलट बाजूही पाहा. उपसा योजनेने तेच पाणी १०० मीटर उंच चढवायचे म्हटले, तर साधारण पंपाला त्या एका पाळीसाठी १४० युनिटांच्या आसपास वीज खर्च करावी लागते. म्हणजे पाण्यातून वीज आणि विजेतून पुन्हा पाणी, असा हा रहाटगाडगा आहे. एक माळ तुटली की दोन्ही बाजू थांबतात.

हा हिशेब उसाला दोष देण्यासाठी आम्ही मांडलेला नाही. उसावर आपली घरे उभी राहिली, मुले शिकली, सोसायट्या चालल्या, हे आम्ही विसरलेलो नाही. सांगायचे ते इतकेच की पाण्याची एक पाळी म्हणजे नुसते पाणी नव्हे, तिच्यात वीजही आहे. म्हणून ते मोजताना काटकसरीच्या घरातली बाई पीठ मोजते तसे मोजले पाहिजे.

आकड्यांनी काय केले

पश्चिमेला किती पाणी वळवायचे यावर पूर्वी तीन राज्यांत मोठा वाद झाला. त्यासाठी १९६९ साली न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली कृष्णा पाणीतंटा लवाद नेमला गेला. लवादाने १९७३ साली निवाडा दिला आणि १९७६ साली तो अंतिम झाला. कोयनेतून विजेसाठी पश्चिमेला वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा आली. हे पाणीवर्ष १ जूनला सुरू होते आणि ३१ मेला संपते. सारी कृष्णा खोऱ्याची वाटणी २,०६० टीएमसी धरून झाली, त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी आले.

हा २,०६० चा आकडा आला कुठून? विजयवाड्याच्या बंधाऱ्यावर १८९४-९५ पासून १९७१-७२ पर्यंत, म्हणजे ७८ वर्षे, कृष्णेच्या पाण्याच्या ज्या नोंदी मिळाल्या त्यांवरून. कोणीतरी ऊन-पाऊस न पाहता पट्टी वाचली आणि वहीत आकडा टाकला. त्याला बिचाऱ्याला स्वप्नातही वाटले नसेल की आपल्या या वहीवरून तीन राज्यांची शेती आणि वीज ठरणार आहे. पुढे न्यायमूर्ती ब्रिजेश कुमार यांच्या दुसऱ्या लवादाने २०१० साली निर्णय दिला. त्याने १९६१-६२ ते २००७-०८ या ४७ वर्षांचा आधार घेतला. त्याच कसोटीवर आकडा २,१७३ टीएमसी आला. नदी तीच, पण वर्षे वेगळी घेतली तर उत्तर वेगळे येते. म्हणून एकदा मोजले आणि काम संपले असे होत नाही. मोजदाद पिढ्यान् पिढ्या चालली पाहिजे.

एक गोष्ट सभासदांनी मनावर कोरून ठेवावी. वाद कोर्टात गेला की ज्याच्याकडे वही असते त्याचे म्हणणे ऐकले जाते. ‘आमच्या आजोबांच्या काळापासून आम्ही हे पाणी वापरतो’ एवढ्याने भागत नाही. कोणत्या वर्षी, किती, कशासाठी, हे दाखवावे लागते.

विश्वासार्हता म्हणजे काय?

इंजिनिअर मंडळी ७५ टक्के विश्वासार्हता हा शब्द वापरतात. तो ऐकला की आपल्याला वाटते, हे काही आपल्याला कळायचे नाही. खरे तर गोष्ट सोपी आहे. समजा, एखाद्या ओढ्याच्या ४० वर्षांच्या पाण्याच्या नोंदी आपल्याकडे आहेत. सर्वांत जास्त पाण्याचे वर्ष सर्वांत वर, त्याच्या खाली त्याहून कमी, अशी उतरती भाजणी लावा. वरून ३० व्या ओळीवर जो आकडा येईल तो ७५ टक्के विश्वासाचा आकडा. म्हणजे चार वर्षांतल्या तीन वर्षी निदान एवढे पाणी येईल, आणि एका वर्षी त्याहून कमी येईल, हे आधीच गृहीत धरायचे.

शेतीच्या पाण्याचे नियोजन साधारण याच कसोटीवर करतात. जलविद्युत प्रकल्पाची हमीची वीज ठरवताना मात्र कसोटी ९० टक्क्यांची लावतात, म्हणजे दहा वर्षांतली नऊ वर्षे. पिण्याच्या पाण्याला तर त्याहून कडक. हा फरक का? ऊस एखादी पाळी चुकली तर कोमेजतो, पण तग धरून राहतो. दवाखान्यातला दिवा, गिरणीची मोटार, कारखान्याचे मिल हाऊस यांना ‘यंदा थोडं सांभाळून घ्या’ असे सांगता येत नाही. विजेचा वायदा करणाऱ्याने वाईट वर्षाकडे पाहूनच वायदा केला पाहिजे.

आपण मात्र सरासरीवर भिस्त ठेवतो. समजा एका वर्षी ९०० मिलिमीटर पाऊस पडला आणि दुसऱ्या वर्षी ३००. सरासरी ६०० ची आली. कागदावर हे छान दिसते. पण दुसऱ्या वर्षीच्या उभ्या उसाला सरासरी प्यायला देता येते का?

पाऊस आणि धरणातला साठा यांचेही नाते सरळ नाही. कोयनेचे पाणलोट क्षेत्र सुमारे ८९२ चौरस किलोमीटर आहे. त्यावर सगळीकडे १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि थेंब न् थेंब वाहून आला, तर धरणात सुमारे ३ टीएमसी यायला हवे. पण जूनमधला पहिला पाऊस तापलेली जमीन पिऊन टाकते. जुलैच्या शेवटी तोच १०० मिलिमीटर पडला तर बराचसा वाहून येतो. कोणत्या महिन्यात, कशा जमिनीवरून, किती पाणी येते हे शोधून काढणे यालाच पाण्याच्या उपलब्धतेचे संशोधन म्हणतात. त्याच्याच जोरावर ऑगस्टमध्ये सांगता येते की १५ ऑक्टोबरला साठा किती असेल, आणि त्या साठ्यावरून मेअखेरपर्यंत शेतीला किती अन् विजेला किती, हे कालवा सल्लागार समितीला ठरवता येते.

दुष्काळ एकटा येत नाही

आता मुख्य मुद्द्यावर येतो. वीज तयार करण्याचे मार्ग अनेक आहेत. एक बंद पडला तर दुसरा आहे, अशी आपली समजूत असते. पाणी, कोळसा, उसाचे चिपाड, सूर्य, वारा, यांतले काही ना काही चालूच राहील, असे वाटते. पण दुष्काळाच्या वर्षी यांतले तीन मार्ग एकदमच अडतात, आणि नेमकी त्याच वेळी मागणी वाढते. नियोजनात हे धरले नाही तर सगळी गणिते कोलमडतात.

पहिला मार्ग जलविद्युत. धरण भरले नाही तर पाणी आधी पिण्याला, मग शेतीला, आणि विजेच्या वाट्याला उरलेले. २०२३ साली ऑगस्ट कोरडा गेला. देशात १९०१ पासूनच्या नोंदींत इतक्या कमी पावसाचा ऑगस्ट झाला नव्हता. कोयना त्या वर्षी काठोकाठ भरले नाही. सिंचनाला किती आणि विजेला किती यावरून सातारा-सांगलीत किती ओढाताण झाली हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

दुसरा मार्ग कोळशाचा. कोळशावरच्या विजेला पाणी कशाला, असे पुष्कळांना वाटते. पण वाफ करायला आणि ती थंड करायला पाणी लागतेच. केंद्राच्या पर्यावरण खात्याने २०१५ साली जुन्या केंद्रांसाठी जी कमाल मर्यादा घातली ती युनिटमागे साडेतीन लिटरची आहे. एका युनिटला हे थोडे वाटते. हजार मेगावॅटचे केंद्र दिवसरात्र चालले तर दिवसाला आठ कोटी लिटरच्या वर पाणी होते. मराठवाड्यातल्या परळीच्या औष्णिक केंद्राचे काय झाले ते आठवा. फेब्रुवारी २०१३ मध्ये गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यात पाणी उरले नाही आणि ते सारे केंद्र बंद ठेवावे लागले. तिथे कोळशाची वाण नव्हती, माणसेही होती, यंत्रेही शाबूत होती. पाणी तेवढे नव्हते.

तिसरा मार्ग आपला स्वतःचा, म्हणजे उसाच्या चिपाडाचा, ज्याला आपण बगॅस म्हणतो. एक टन ऊस गाळला की सुमारे २८० ते ३०० किलो बगॅस निघतो. उच्च दाबाचा नवा बॉयलर आणि चांगला टर्बाइन असेल तर टनामागे ढोबळमानाने १०० युनिटांच्या घरात वीज होते. त्यातली काही कारखाना स्वतः वापरतो, बाकीची महावितरणला जाते. ही वीज नोव्हेंबर ते मार्च या काळात मिळते, म्हणजे धरणातले पाणी जपून वापरायचे असते नेमके तेव्हा. चांगल्या वर्षी कोयनेला आपला हा मोठा हातभार आहे, हे अभिमानाने सांगायला हरकत नाही.

पण पाणी गेले की ऊसही जातो. राज्याचे साखर उत्पादन २०१४-१५ च्या हंगामात सुमारे १०५ लाख टन होते. दोन वर्षे पाऊस रुसला आणि २०१६-१७ मध्ये ते सुमारे ४२ लाख टनांवर आले. पुन्हा २०१८-१९ मध्ये १०७ लाख टन, आणि त्याच्या पुढच्याच हंगामात सुमारे ६२ लाख टन. साखर निम्म्यावर आली म्हणजे बगॅसही निम्म्यावर आला. समजा, एखाद्या कारखान्याने ८ लाख टन गाळप धरून सहवीज प्रकल्प उभा केला, कर्ज घेतले, वीज विक्रीचा करार केला, आणि दुष्काळात ४ लाख टनच ऊस आला. तिथे सुमारे ४ कोटी युनिट वीज कमी तयार झाली. कोयनेचे पाणी पोफळीला एकदा आणि अलोऱ्याला पुन्हा यंत्रातून जाते. दोन्हीकडची मिळून १ टीएमसीतून साधारण तेवढीच, म्हणजे ४ कोटी युनिट, वीज होते. म्हणजे एका कारखान्याची तूट भरायला कोयनेचे एक टीएमसी पाणी जादा पाहिजे. आणि ते मागायचे कोणत्या वर्षी? तर कोयनाच अपुरी भरलेली असते त्या वर्षी! कर्जाचे हप्ते मात्र दुष्काळ पाहून थांबत नाहीत. ते शेवटी सभासदाच्या ऊसबिलातूनच जातात, हे वेगळे सांगायला नको.

याच वर्षी विहिरी खोल जातात, मोटारी जास्त वेळ चालतात, उपसा योजनांचे पंप थांबता थांबत नाहीत. वीज कमी आणि मागणी जास्त. मग भारनियमन. मग रात्री-अपरात्री मोटार चालू करायला जाणारा शेतकरी, साप, विंचू, आणि घरी बसलेल्या माणसांचा घोर. यातले काही नवीन नाही, तुम्ही-आम्ही सोसलेले आहे.

सौर विजेने हे सारे सुटेल असे काही मित्र म्हणतात. सौर कृषिवाहिनीने दिवसा वीज मिळू लागली तर आम्हाला आनंदच आहे, आणि त्या कामाला पाणी जवळजवळ लागत नाही, हीही मोठी गोष्ट. परंतु सूर्य मावळला की संध्याकाळचा भार कोण उचलणार? काही मिनिटांत चालू होऊन भार घेणारी यंत्रे जलविद्युतची. म्हणजे सौर वीज जितकी वाढेल तितकी कोयनेच्या पाण्याची संध्याकाळची किंमतही वाढेल. दिवसा स्वस्त विजेने पाणी वर चढवून संध्याकाळी खाली सोडायचे, अशी योजना आपल्या राज्यात घाटघरला २५० मेगावॅटची आहे. तिलाही शेवटी पाण्याचा हिशेब लागतोच.

मोजून पाणी वाढतं का?

हे विचार आम्ही गावोगावच्या बैठकांत बोलून दाखवतो तेव्हा दोन प्रश्न हमखास येतात. पहिला सरळ असतो : “अहो, मोजून पाणी वाढतं का?” वाढत नाही. घरातल्या कणगीतले धान्य मोजल्याने एक पायलीही वाढत नाही. पण ते मोजलेले असले म्हणजे लग्नाची तारीख कधीची धरायची, पाहुणे किती बोलवायचे, हे कळते. न मोजता पंगत बसवली की अर्ध्यात भांडे खरवडायची पाळी येते.

दुसरा प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नाही, बैठक संपल्यावर बाजूला घेऊन विचारतात. “आमच्या विहिरीचं, नदीच्या मोटारीचं पाणी मोजून दिलं, तर उद्या त्याच आकड्यानं आमचंच पाणी तोडतील. शहराला नेतील, नाही तर विजेला वळवतील. मग?” ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. पाण्याच्या वाटणीत शेतकऱ्याला गृहीत धरले जाते, हा अनुभव जुना आहे. पण नोंद न ठेवल्याने पाणी वाचते हेही खरे नाही. नोंद नसते तेव्हा दुसऱ्याने काढलेला आकडा आपल्या माथी बसतो. आपली मागणी किती खरी, आपली काटकसर किती, हे सांगायला आपल्या हातात काहीच नसते. लवादापुढे राज्यांना जो धडा मिळाला तोच गावाला आणि कारखान्यालाही लागू आहे. आपली वही आपल्या हातात असावी, आणि ती सर्वांनी मिळून लिहिलेली असावी. सहकार यासाठीच तर आहे.

आम्ही काय सुचवतो

नुसता उपदेश करून आम्ही थांबत नाही. संचालक मंडळाने आणि सभासदांनी विचार करावा अशा काही गोष्टी पुढे ठेवतो. यांतल्या बहुतेकांना मोठा खर्च नाही.

पहिली गोष्ट. प्रत्येक गट ऑफिसच्या आवारात, झाडा-भिंतीपासून दूर, एक साधा पर्जन्यमापक असावा. रोज सकाळी साडेआठला चिटबॉयने तो वाचावा आणि वहीत लिहावे. पाऊस पडला नाही तर शून्य लिहावे. कोरी जागा सोडू नये, कारण कोरी जागा आणि शून्य यांत फार अंतर आहे. सरकारची महसूल मंडळनिहाय स्वयंचलित केंद्रे आहेत, त्यांच्याशी आपले आकडे ताडून पाहता येतील.

दुसरी. प्रत्येक गावात दोन विहिरी निरीक्षणासाठी निवडाव्यात, एक नदीकडची आणि एक माळाकडची. काठावर रंगाने खूण करून त्या खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे या चार महिन्यांत फितीने मोजावे. आदल्या रात्रीपासून मोटार बंद असावी, नाही तर आकडा फसवा येतो. दहा वर्षे असे केले तर आपल्या शिवाराच्या पोटात काय चालले आहे ते मुलांनाही वाचता येईल.

तिसरी. शेतकी खात्याच्या ऊस नोंदीत लागणीची तारीख, जात, क्षेत्र असते. तिथे आणखी एक रकाना वाढवावा : पाणी कशाचे? पाटाचे, उपशाचे, विहिरीचे की नदीचे, आणि ठिबक आहे की नाही. आडसाली लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते आणि तो ऊस पुढच्या वर्षीचा पावसाळा पाहूनच गाळपाला येतो. एका लागणीने आपण दोन पावसाळ्यांवर पैज लावतो. कोणत्या गटातला किती ऊस भरवशाच्या पाण्यावर आहे आणि किती नशिबाच्या, हे माहीत असल्याशिवाय पुढच्या हंगामाचे गाळप सांगणे म्हणजे केवळ अंदाजपंचे.

चौथी, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे एक तक्ता यावा. त्यात तीन रकाने असावेत : चांगले वर्ष, साधारण वर्ष आणि वाईट वर्ष. प्रत्येकात पाणी किती, ऊस किती, बगॅस किती, वीज किती. सहवीज प्रकल्पाचा वायदा, कर्जाचा हप्ता आणि नवे यंत्र घेण्याचा विचार तिसऱ्या रकान्याकडे पाहून व्हावा. चांगल्या वर्षाचे आकडे दाखवून प्रकल्प मंजूर करून घेण्याचा मोह कोणालाही होतो. संचालकांना होतो, सल्लागारांना होतो आणि टाळ्या वाजवणाऱ्या सभासदांनाही होतो. सभासदांनी सभेत उठून एवढेच विचारावे : “वाईट वर्षी काय?” चांगल्या वर्षीचा थोडा बगॅस नीट थप्पी लावून, पावसापासून झाकून राखून ठेवण्याचाही विचार याच तक्त्यावरून होईल.

पाचवी. पाणी वाचवणे ही वीज वाचवण्याचीच रीत आहे. ठिबकाने उसाचे पाणी ४० ते ५० टक्क्यांपर्यंत वाचते, हे मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने आणि पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने वर्षानुवर्षे सांगितले आहे. पाडेगावचे केंद्र १९३२ सालचे, म्हणजे आपल्या बहुतेक साखर कारखान्यांच्याही आधीचे. उपसा योजनेवरच्या सभासदाने एक पाळी वाचवली तर पाणीही वाचले आणि ते वर चढवण्याची वीजही. कारखान्यानेही आपल्या दाराशी झाडलोट करावी. उसाच्या वजनात सुमारे ७० टक्के पाणीच असते. गाळपात त्याची वाफ होते आणि ती थंड होऊन पुन्हा पाणी मिळते. ते नीट फिरवून वापरले तर नदीचे पाणी उचलण्याची गरज पुष्कळ कमी होते. सभासदाला काटकसर सांगणाऱ्या कारखान्याचा पाण्याचा मीटर आधी स्वच्छ दिसला पाहिजे.

शेवटी

आपल्या वाडवडिलांनी शेअरचे पैसे गोळा करून कारखाने उभे केले तेव्हा त्यांच्याजवळ फार शिक्षण नव्हते. पण वजनकाटा खरा असावा, यावर त्यांचा कटाक्ष होता. उसाच्या मोळीमागे काटा मारला गेला तर सभासद आजही रस्त्यावर उतरतो, आणि उतरलाच पाहिजे. पाण्याच्या बाबतीत मात्र आपण काटाच बसवलेला नाही. जो काटाच नाही तो खरा की खोटा, हे कोण विचारणार?

येत्या १ जूनला नवे पाणीवर्ष सुरू होईल. त्या दिवशी सकाळी साडेआठला प्रत्येक गट ऑफिसात वहीचे पहिले पान उघडावे आणि पहिला आकडा लिहावा. बहुधा तो शून्यच असेल. शून्य का असेना, खरा असावा. पुढे पंधरा-वीस वर्षांनी आपली मुले ती वही उघडतील तेव्हा लागण किती करायची, वीज किती विकायची, कर्ज किती झेपेल, हे त्यांना ज्योतिषाला विचारावे लागणार नाही.

सभासदांनी आपले विचार, मग ते आमच्या विरुद्ध असले तरी, गट ऑफिसमार्फत जरूर कळवावेत. पुढील अंकात त्यांना जागा देऊ.

— संपादक मंडळ